रिकामी जागा, अनोळखी ग्राहक

इस्टेट एजंटच्या व्यवसायात एक गोष्ट सर्रास गृहीत धरली जाते. केवळ दूरध्वनीवर बोललेल्या, कधीही न भेटलेल्या माणसाला रिकामी सदनिका दाखवायला न्यायचे. इमारत नवी असेल तर शेजारीही राहायला आलेले नसतात. किल्ली एजंटकडे असते आणि एजंट बहुधा एकटा, अलीकडे अनेकदा एकटी असते. या कामातील धोका जगाच्या ध्यानात आला तो लंडनमधील सुझी लॅम्प्लू प्रकरणामुळे.

२८ जुलै १९८६ रोजी फुलहॅम भागातील एका एजन्सीत काम करणारी २५ वर्षांची सुझी दुपारी पाऊणच्या सुमारास घर दाखवण्यासाठी बाहेर पडली. डायरीत वेळ, शॉरोल्ड्स रोडवरील घराचा उल्लेख आणि 'मिस्टर किपर' हे नाव एवढीच नोंद होती. ती परतलीच नाही. तिची पांढरी फोर्ड फिएस्टा त्याच रात्री स्टीव्हनेज रोडवर उभी आढळली. २००२ मध्ये पोलिसांनी अन्य एका खुनाबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या जॉन कॅननचे नाव संशयित म्हणून जाहीर केले. परंतु पुराव्याअभावी खटला उभा राहिला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो तुरुंगातच मरण पावला. सुझीचा मृतदेह सापडलेला नाही.

तिचे आईवडील डायना आणि पॉल यांनी १९८६ मध्येच सुझी लॅम्प्लू ट्रस्टची स्थापना केली. एकट्याने काम करणाऱ्यांच्या सुरक्षेचा विषय ब्रिटनमध्ये रुजवण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. 'किपर'ला आधी कार्यालयात बोलावले गेले असते, तर निदान त्याचा चेहरा इतरांनी पाहिला असता. म्हणूनच पहिली भेट कार्यालयात, ओळखपत्र पाहून आणि दूरध्वनी क्रमांक पडताळून, हा नियम महत्त्वाचा ठरतो.

अर्थात नोंद पुरेशी नसते. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात बेव्हर्ली कार्टर यांचे घर दाखवण्याच्या बहाण्याने अपहरण झाले आणि नंतर त्यांचा खून झाला. त्या कोठे गेल्या आहेत हे पतीला ठाऊक होते. तो तेथे पोहोचला तेव्हा मोटार उभी होती, त्या मात्र नव्हत्या. पत्त्याइतकीच परतण्याची वेळ महत्त्वाची, ती अशी. ठरल्या वेळी दूरध्वनी आला नाही तर कोणी, किती मिनिटांत, काय करायचे हे आधीच ठरलेले हवे. सहकाऱ्यांत ठरवलेला एखादा साधा सांकेतिक शब्दही उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष जागेवरच्या सवयी साध्याच आहेत. वॉचमनला दोघांचीही नोंद करायला लावावी. खोलीत ग्राहकाला पुढे जाऊ द्यावे, आपण दाराच्या बाजूला राहावे. मुख्य दार उघडे ठेवावे. गच्ची, तळघर वा पार्किंगच्या कोपऱ्यात एकट्याने जाऊ नये. वीज नसलेल्या सदनिका दिवसाउजेडी दाखवाव्यात. 'पार्टी हातची जाईल' ही भीती मात्र या सगळ्यावर मात करते. कमिशनवर जगणाऱ्याला संध्याकाळी आठची भेट नाकारणे सोपे नसते. त्यामुळे हे नियम एजंटच्या मर्जीवर न सोडता एजन्सीनेच घालून दिलेले बरे.

भारतात कायद्याचा आधारही आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार कामानिमित्त भेट दिलेली जागा हेही कामाचेच ठिकाण मानले जाते. तेथे संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासून सुरक्षितता पुरवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. एजन्सीत दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यास, आणि बहुतेक गल्लीतल्या एजन्सी तशाच असतात, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.