डांबर लागलेली बॅट

नियमपुस्तकातून एकाच प्रश्नाची दोन उत्तरं निघाली तर अंपायरने काय करावं? क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या मंडळींना हा प्रश्न नवा नाही. पण त्याचं मला सर्वात आवडणारं उदाहरण बेसबॉलमधलं आहे. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसेल तरी वाचा, गोष्ट खेळापेक्षा नियम कसा वाचावा याची आहे.

२४ जुलै १९८३, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. यांकीज ४, कॅन्सस सिटी रॉयल्स ३. नववी, म्हणजे शेवटची इनिंग. रॉयल्सचे दोन गडी बाद, एक खेळाडू पहिल्या बेसवर. गूस गॉसेजच्या चेंडूवर जॉर्ज ब्रेटने होमरन ठोकला. रॉयल्स ५-४! तेवढ्यात यांकीजचा मॅनेजर बिली मार्टिन अंपायरकडे गेला आणि म्हणाला, बॅट तपासा.

हातातून निसटू नये म्हणून बॅटच्या दांड्याला पाइनच्या झाडाचं चिकट डांबर चोळतात. ते मुठीच्या टोकापासून १८ इंचांपर्यंतच चालतं. अंपायरांनी बॅट होम प्लेटवर आडवी ठेवली. प्लेट १७ इंच रुंद, म्हणजे आयती फूटपट्टीच. डांबर बरंच पुढे गेलं होतं. टिम मॅक्लेलंडने ब्रेटला बाद दिलं. तिसरा गडी, सामना खलास. ब्रेट डोळे वटारून मैदानात धावत आला, त्याला आवरताना सगळ्यांची पुरेवाट झाली.

आता गंमत बघा. डांबराच्या नियमात लिहिलं होतं की अशी बॅट सामन्यातून काढून टाकावी. फलंदाजाला बाद द्या, असं तिथे नव्हतं. पण दुसरीकडे असंही होतं की बॅटच्या नियमात न बसणारी बॅट बेकायदेशीर, आणि तिने चेंडू मारणारा बाद. अंपायरांनी दोन्ही कलमं जोडली. हे काही मनाचं नव्हतं. १९७५ साली यांकीजच्याच थर्मन मन्सनला याच कारणावरून बाद दिलं होतं. त्याच वर्षी रॉयल्सच्या जॉन मेबेरीचे होमरन मात्र अंपायरांनी ग्राह्य धरले, आणि अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी तो निर्णय उचलून धरला होता.

रॉयल्सची तक्रार आली तीही मॅकफेल यांच्याकडेच. ते पूर्वी यांकीजचे जनरल मॅनेजर होते, तरी त्यांनी यांकीजच्या विरोधात कौल दिला. त्यांनी विचारलं, हा नियम केलाच कशासाठी? डांबराने चेंडू लांब जात नाही. तो फक्त खराब होतो आणि बदलावा लागतो. म्हणजे नियम खर्च वाचवण्यासाठी, फसवणूक रोखण्यासाठी नव्हे. अंपायरांचा अर्थ शब्दांत बसतो, हेही त्यांनी मान्य केलं. होमरन कायम झाला आणि सामना तिथूनच पुढे खेळवायचं ठरलं.

१८ ऑगस्टला उरलेला सामना जेमतेम दहा-बारा मिनिटांत संपला. रॉयल्स ५-४ ने जिंकले. पण त्याआधी मार्टिनने नवा आक्षेप काढला: ब्रेटने बेसना पाय लावलाच नव्हता! अंपायरांची तुकडी त्या दिवशी वेगळी होती, त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. तेव्हा डेव्ह फिलिप्सने खिशातून कागद काढला. जुन्या अंपायरांचं प्रतिज्ञापत्र होतं ते, ब्रेटने सगळे बेस शिवल्याचं!

मला या अंपायरांना चूक म्हणवत नाही. हजारो लोक ओरडत असताना त्यांच्यासमोर शब्द होते. हेतू शोधायला लागणारे चार दिवस मॅकफेल यांना मिळाले. शिवाय प्रत्येक अंपायर हेतू शोधू लागला तर उद्या १८ इंचांना अर्थ काय उरेल? म्हणून मला शेवट महत्त्वाचा वाटतो: पुढे नियमपुस्तकातच स्पष्ट लिहिलं गेलं की बॅट वापरल्यानंतर डांबर जास्त आढळलं, तर तेवढ्यावरून फलंदाज बाद होत नाही. पुढच्या अंपायरला त्यासाठी कुणाचा हेतू ओळखत बसायला नको.

ती बॅट आता कूपर्सटाउनच्या संग्रहालयात आहे. डांबरासकट.