'वॉट' : एक नाम आणि एक विमान

इंग्लंडमधील केंट परगण्यात लिम येथे १९३७ साली जे. आर. करी ह्यांनी एक चिमुकले, एकासनी द्विपंखी विमान सिद्ध केले. लाकडी सांगाडा आणि जॅप बनावटीचे अल्पशक्ती एंजिन. हौशी वैमानिकास परवडावे, एवढाच हेतू. नाव काय, ह्या वारंवारच्या पृच्छेस कंटाळून 'काय हवे ते म्हणा', असे करी उत्तरले, असे सांगतात. त्यातील 'काय' ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द, तोही अशिष्ट लेखनाने, विमानास चिकटला. प्रश्नार्थक सर्वनामाचे विशेषनाम व्हावे, हे विरळाच.

त्या वेळी दोनच वॉट झाली आणि १९४० च्या जर्मन बाँबहल्ल्यात दोन्ही लिम येथेच नष्ट झाली. आराखडे मात्र उरले. १९५८ मध्ये व्हिव्ह बेलामी ह्यांच्या पुढाकाराने हॅम्पशर एअरोप्लेन क्लबने नवी वॉट बांधली. सबळ एंजिन बसविताच 'हॉट वॉट', पाण्यावर उतरण्यासाठी तरंगपेट्या लावताच 'वेट वॉट', टर्बाइन येताच 'जेट वॉट': वैतागाने उच्चारलेला शब्द आता रीतसर विशेषणे घेऊ लागला. हॅरल्ड पेनरोज ह्यांनी तेवढे आपल्या वॉटला 'एअरीमाउस', म्हणजे पश्चिम इंग्लंडच्या बोलीतील वटवाघूळ, हे अधिक काव्यमय नाव दिले.

१९६७ साली स्लिंग्जबी कंपनीने चित्रपटांसाठी पहिल्या महायुद्धातील एस. ई. ५ए ह्या लढाऊ विमानाची सहा प्रतिरूपे बांधली. त्यांचा मूळ आराखडा वॉटचाच होता.