समजून घ्या : सिंहस्थाआधीचे उज्जैनचे रस्ते-पूल; दर्जा आणि क्षिप्रा कोण सांभाळणार?

उज्जैन : २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनकडे येणाऱ्या रस्त्यांची आणि पुलांची मोठी कामं हाती घेण्यात आली आहेत. बुऱ्हाणपूर, खंडवा, जळगाव, धुळे भागातून महाकालच्या दर्शनाला जाणाऱ्या बहुतेकांची वाट इंदूरवरूनच जाते. इंदूर-उज्जैन हा सुमारे ४६ किलोमीटरचा चौपदरी रस्ता सहापदरी करण्याच्या कामाचं भूमिपूजन १९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. मध्य प्रदेश रस्ते विकास महामंडळाचं हे काम ‘हॅम’ पद्धतीने होत आहे. या पद्धतीत रस्त्याचा आराखडाही बांधणारी कंपनीच करते. मग दर्जा कोण बघतं आणि नदीची काळजी कोण घेतं, हा प्रश्न उरतो.

पैसा कधी मिळतो, त्यावर बरंच काही

जुन्या पद्धतीत आराखडा सरकारी खात्याचा असायचा. ठेकेदाराला मोजमाप करून बाबवार पैसे मिळायचे. मुरूम जास्त लागला तर बिल वाढायचं. डिझाइन-बिल्डमध्ये खातं फक्त काय हवं ते सांगतं : किती पदरी, किती वजन पेलणारा, पुराची पातळी किती धरायची. ते कसं साधायचं, हे कंपनी ठरवते.

याचे दोन प्रकार जास्त चालतात. ईपीसीमध्ये काम पुढे जाईल तसे टप्प्याटप्प्याने पैसे मिळतात आणि नंतर करारात ठरलेली काही वर्षं दोष दुरुस्तीची जबाबदारी राहते. हॅममध्ये ४० टक्के रक्कम बांधकाम चालू असताना मिळते. उरलेली ६० टक्के काम संपल्यावर साधारण १५ वर्षांत हप्त्याहप्त्याने येते आणि तोवर देखभालही कंपनीकडेच असते. म्हणजे रस्ता लवकर उखडला तर भुर्दंड कंपनीच्याच खिशाला. हा या पद्धतीचा फायदा.

दुसरी बाजूही आहे. ठरलेल्या किमतीत वाचलेली प्रत्येक सिमेंटची गोणी हा कंपनीचा नफा असतो. त्यामुळे करारातल्या शेड्यूल बी, सी आणि डी मध्ये काय लिहिलंय, यावर सगळा खेळ असतो. तिथे जे लिहिलेलं नाही, ते नंतर फुकट करून मिळत नाही.

तारीख हलत नाही, काळी माती घाई मानत नाही

इतर प्रकल्पांना मुदतवाढ मिळते. सिंहस्थाला नाही, ती तारीख ग्रहमानावर ठरते. मागचा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे २०१६ असा झाला होता.

इकडे माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक नियमांनुसार ५० टक्क्यांपेक्षा जास्त फुगणारी माती भरावात वापरता येत नाही. ती काढून मुरूम टाकावा लागतो किंवा चुना मिसळून सुधारावी लागते. भरावाची दबाई किमान ९५ टक्के आणि रस्त्याच्या थराखालच्या अर्ध्या मीटरची किमान ९७ टक्के लागते. काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद ७ आणि २८ दिवसांनी तपासली जाते.

पावसाळ्यात मातीकाम अडतं. गेलेला वेळ भरून काढायला थर जाड टाकले, रोलर कमी फिरवला, की उद्घाटनाच्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन पावसाळ्यांनी पुलावर चढताना गाडीला धक्का बसायला लागतो. तो बहुतेक वेळा पुलाचा नसून, पुलामागचा भराव खाली बसल्याचा असतो.

तपासणी कोणाची?

हॅममध्ये ‘स्वतंत्र अभियंता’ आणि ईपीसीमध्ये ‘प्राधिकरणाचा अभियंता’ आराखडे पाहतो, चाचण्यांवर नजर ठेवतो. मोठ्या पुलांचं डिझाइन वेगळ्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घेतलं जातं. पण रोजच्या चाचण्या कंपनीच्याच साइट लॅबमध्ये होतात. म्हणून काही नमुने बाहेरच्या लॅबमध्ये जाणं महत्त्वाचं.

कायमच्या बांधकामाइतकंच तात्पुरत्या यंत्रणेकडेही लक्ष लागतं. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि २० जणांचा जीव गेला.

क्षिप्रेचं काय?

इंदूरचं सांडपाणी आणणारी कान्ह नदी उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते. ते पाणी उज्जैनच्या घाटांना टाळून पुढे नेण्यासाठी सुमारे ३० किलोमीटरच्या बंद कालव्याचं काम घेतलं गेलं. एकीकडे नदी स्वच्छ करण्यावर एवढा खर्च होत असताना पुलाच्या कामाने ती पुन्हा गढूळ होऊ नये, ही साधी अपेक्षा आहे.

त्यासाठी करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. नदीपात्रातला कच्चा भराव पावसाआधी काढायचा. पाईल खोदताना निघणारा गाळ आणि काँक्रीट प्लांट धुतलेलं पाणी खड्ड्यात साठवायचं, नदीत सोडायचं नाही. शेतातली वरची सुपीक माती वेगळी ठेवून बाजूच्या उतारावर परत पसरायची.

राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल आणि जादा जमीन ठरावीक मर्यादेबाहेर लागत असेल, तरच २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. म्हणून बऱ्याच कामांत नदीचं रक्षण मंजुरीच्या अटींपेक्षा करारातल्या कलमांवर अवलंबून राहतं. कागदावर आधी आलं तर काय होतं, ते नागपूर-सिवनी मार्गावर पेंचच्या जंगलात दिसतं. तिथे राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी ९ मार्ग बांधले गेले आणि वाघही त्यांतून जाताना कॅमेऱ्यात टिपले गेले.

नागरिक काय करू शकतात?

माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २(जे) नुसार कागदपत्रांबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. अर्जाचं उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्जात करारातलं शेड्यूल डी, भरावाच्या दबाईचे आणि काँक्रीट ठोकळ्यांचे अहवाल, तसंच नदीपात्रातला भराव काढल्याची तारीख मागावी. ही मागणी काम चालू असतानाच केलेली बरी. डांबर पडल्यावर खालची माती तपासायला रस्ता उकरावा लागतो.