प्रश्न कोणी विचारायचा? परीक्षेच्या इतिहासातला एक हरवलेला अधिकार

(थ्रेड)

१/
परीक्षेत सर्वांत कडेकोट बंदोबस्त असतो तो प्रश्नपत्रिकेचा. उत्तर विद्यार्थ्याने लिहायचे आणि प्रश्न त्याला शेवटच्या क्षणापर्यंत अज्ञात राहायला हवा, हे आपण गृहीत धरतो. मग एखाद्या प्राध्यापकाने अभियांत्रिकीच्या वर्गाचे गट पाडले आणि ‘या घटकावरचे प्रश्न तुम्हीच तयार करा’ असे सांगितले, तर तो परीक्षेचा पोरखेळ ठरेल काय?

२/
ही पद्धत आज अनेक देशांतील अभियांत्रिकी वर्गांत वापरली जाते. ती नवी वाटते; परंतु विद्यार्थ्याने प्रश्न विचारणे ही गोष्ट विद्यापीठाइतकीच जुनी आहे. हा अधिकार त्याच्या हातून कसा गेला आणि परत कसा येऊ लागला, त्याचा हा मागोवा.

३/
तेराव्या शतकातील पॅरिस विद्यापीठ. वर्षातून दोनदा, नाताळपूर्वीच्या आणि ईस्टरपूर्वीच्या पर्वकाळात, तेथे ‘क्वोडलिबेट’ नावाची जाहीर वादसभा भरे. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘वाटेल ते’. सभेतील कोणीही, कोणत्याही विषयावर प्रश्न विचारू शकत असे. प्रश्न आधी कळवण्याचे बंधन नव्हते.

४/
प्रथम गुरूचा एखादा शिष्य उत्तर देई, आक्षेप झेले. नंतरच्या बैठकीत गुरू अंतिम निर्णय मांडे. तत्त्वज्ञानाच्या गहन शंकांबरोबर अडचणीत आणणारे खोचक प्रश्नही येत. त्यामुळे अनेक गुरू अशी सभा बोलावण्याचे टाळत. थॉमस अक्वायनससारख्या पंडिताने मात्र अशा सभा घेतल्या. त्यांतील त्याची उत्तरे आजही उपलब्ध आहेत.

५/
केंब्रिजमध्येही पदवीचा मार्ग वादातूनच जाई. एक विद्यार्थी सिद्धान्त मांडे. त्याचे सहाध्यायी प्रतिपक्ष म्हणून उभे राहून लॅटिनमध्ये त्यावर हल्ला चढवत. अर्थात, प्रतिस्पर्ध्याच्या मांडणीतील कच्चा दुवा शोधून नेमका तेथे प्रश्न रोवणे, हीदेखील विद्वत्तेची कसोटी होती. ‘रँग्लर’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी वाद घालणारा.

६/
अठराव्या शतकात चित्र पालटू लागले. गणिताचे महत्त्व वाढले आणि विद्यार्थ्यांची गुणानुक्रमे यादी लावायची झाली. तोंडी वादात दोघांची तुलना करणे अवघड. लेखी परीक्षेत सर्वांपुढे एकच प्रश्न येतो, आणि हा तिचा खरा गुण होता. मात्र ज्या दिवशी सर्वांना एकच प्रश्न मिळाला, त्या दिवशी प्रश्न विचारणारा एकच पक्ष उरला.

७/
१८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि ‘रँग्लर परांजपे’ हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. तोवर ते जुने वाद इतिहासजमा झाले होते. वाद घालणाऱ्याची पदवी उरली होती. ती मिळत होती दुसऱ्याने काढलेली गणिते सोडवून.

८/
भारतात हा बदल अधिक कठोर रूपात आला. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, महाविद्यालयाने शिकवायचे. परिणामी प्रश्न काढण्याचा अधिकार शिकवणाऱ्या शिक्षकाकडेही पूर्णपणे राहिला नाही. ‘पेपर सेटर’ ही अदृश्य व्यक्ती आपल्या शैक्षणिक आयुष्यात तेव्हापासून वास करून आहे.

९/
पुढचा टप्पा अमेरिकेत. १९१५ च्या सुमारास कॅन्ससमधील फ्रेडरिक केली यांनी वाचन तपासण्यासाठी ठरावीक उत्तरांची चाचणी तयार केली. एकाच उत्तराला दोन शिक्षक भिन्न गुण देतात, ही तक्रार तिच्या मुळाशी होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख जणांच्या मानसिक चाचण्या घेतल्या आणि पर्यायी प्रश्नांना मोठी चालना मिळाली.

१०/
१९३८ मध्ये आयबीएमने पेन्सिलच्या खुणा वाचून गुण मोजणारे यंत्र बाजारात आणले. आता उत्तर लिहिण्याचीही गरज उरली नाही. खूण पुरेशी झाली. पॅरिसच्या सभेत ज्याचा प्रश्न गुरूलाही घाम फोडत असे, तो विद्यार्थी सात शतकांनंतर चार पर्यायांपुढे बसला होता.

११/
उलट प्रवासाची बीजे १९७० च्या दशकात दिसतात. १९७८ मध्ये नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी शब्दांच्या जोड्यांवर प्रयोग केले. काहींना संपूर्ण जोडी वाचायला दिली; काहींना दुसऱ्या शब्दाचे केवळ पहिले अक्षर देऊन तो स्वतः तयार करायला लावला. स्वतः घडवलेला शब्द अधिक लक्षात राहिला.

१२/
त्याच सुमारास ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन यांचा व्यवस्थापनाचा वर्ग ४० वरून १२० विद्यार्थ्यांवर गेला. त्यांनी कायमचे गट पाडले. आधी प्रत्येकाने एकट्याने चाचणी द्यायची, मग तीच चाचणी गटाने चर्चा करून द्यायची. शिवाय प्रश्न सदोष वाटल्यास गटाने लेखी अपील करायचे, आणि प्रश्नाची भाषाच संदिग्ध असेल तर ती सुधारूनही द्यायची. प्रश्नपत्रिकेवर विद्यार्थ्याची लेखणी पुन्हा टेकली ती अशी.

१३/
पुढचे पाऊल न्यूझीलंडमध्ये पडले. ऑकलंड विद्यापीठातील पॉल डेनी आणि सहकाऱ्यांनी ‘पीअरवाइज’ ही संगणकीय प्रणाली उभारली व २००८ मध्ये शोधनिबंधांतून मांडली. विद्यार्थ्याने पर्यायी प्रश्न लिहायचा, अचूक उत्तर नोंदवायचे, स्पष्टीकरण द्यायचे. इतरांनी तो सोडवायचा, त्याचा दर्जा ठरवायचा आणि चुका दाखवायच्या. संगणकशास्त्रातून निघालेली ही रीत अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, वैद्यक अशा शाखांत पसरली.

१४/
प्रश्न लिहिणे इतके अवघड का? एक साधे उदाहरण घ्या. दोन्ही टोकांना टेकवलेला बीम, मध्यभागी एकच भार. कमाल बेंडिंग मोमेंट किती? उत्तर : भार × लांबी ÷ ४. हे पाठ असलेले शंभर जण सापडतील. आता तीन चुकीचे पर्याय लिहायचे आहेत, आणि ते असे हवेत की अर्धवट समजलेला माणूस त्यांत हमखास अडकावा.

१५/
भार × लांबी ÷ २ : आधारावरची प्रतिक्रिया निम्मी होते हे विसरणाऱ्यासाठी. भार × लांबी ÷ ८ : तोच भार संपूर्ण बीमवर सारखा पसरला आहे असे समजणाऱ्यासाठी. भार × लांबी : टोकावर भार असलेल्या कँटिलिव्हरचे सूत्र येथे लावणाऱ्यासाठी. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे चुकीचा एक खरा मार्ग आहे. तो ठाऊक असल्याशिवाय पर्याय सुचत नाही.

१६/
गटाचे महत्त्व येथेच कळते. विषयात मुरलेल्या व्यक्तीला आपण पूर्वी कोठे चुकत होतो, हे आठवेनासे होते. गटात मात्र कालच ती चूक केलेला कोणीतरी बसलेला असतो. एरवी गप्प राहणाऱ्या त्या विद्यार्थ्याची चूक हाच गटाचा सर्वांत उपयुक्त ऐवज ठरतो. एक जण गणित तपासतो, दुसरा शब्दांतील संदिग्धता पकडतो, तिसरा प्रश्न फोडू पाहतो. केंब्रिजचा जुना प्रतिपक्ष परत येतो तो या रूपात.

१७/
तरीही ही पद्धत आपोआप फळत नाही. मोकळे सोडल्यास विद्यार्थी सोपी वाट धरतात : व्याख्या उचलायची, एक शब्द गाळायचा, झाला प्रश्न. जैवरसायनासारख्या विषयांतील अभ्यासांत विद्यार्थ्यांचे बहुतेक प्रश्न स्मरण आणि प्राथमिक आकलनाच्या पायरीवरच थांबलेले आढळले. ‘शिक्षकाचे काम आम्ही का करावे?’ हा आक्षेपही स्वाभाविक आहे.

१८/
या पार्श्वभूमीवर एडिंबरा विद्यापीठातील सायमन बेट्स आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास महत्त्वाचा. पदवीच्या प्रारंभीच्या भौतिकशास्त्र वर्गांत विद्यार्थ्यांनी लिहिलेले तीन-चतुर्थांशाहून अधिक प्रश्न निव्वळ स्मरणाच्या पलीकडचे होते आणि एकंदर ७५ टक्के प्रश्न दर्जाच्या निकषांवर उतरले. संशोधकांच्या मते त्याचे एक संभाव्य कारण म्हणजे प्रश्न लिहायला सांगण्यापूर्वी वर्गात करून घेतलेली तयारी.

१९/
याचा अर्थ स्पष्ट आहे. प्रश्न विचारणे ही शिकवावी लागणारी विद्या आहे. पॅरिस आणि केंब्रिजमधील विद्यार्थी वर्षानुवर्षे वाद ऐकत, मग वादात उतरत. लेखी परीक्षेने समान कसोटी दिली, मनमानीला आळा घातला. हे श्रेय तिला द्यायलाच हवे. मात्र त्या व्यवहारात प्रश्न विचारण्याचे शिक्षण अभ्यासक्रमातून निसटले आणि त्याची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

२०/
अंतिम परीक्षेची प्रश्नपत्रिका उद्याही मोहोरबंद पाकिटातूनच येईल, आणि ते योग्यच आहे. परंतु अभियंत्याच्या हाती पूल, धरण किंवा संगणकप्रणाली येते, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्नपत्रिका नसते. ‘हे कोठे मोडेल?’ हा प्रश्न त्याला स्वतःच विचारावा लागतो. वर्गातील चार-पाच जणांचा गट एका बीमवरील चुकीच्या पर्यायासाठी तासभर भांडतो, तेव्हा त्याच प्रश्नाचा सराव चाललेला असतो.

(समाप्त)