बंद गाडीचा पंखा

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींना हसू आलं. इतिहासाच्या व्याख्यानात मोटारीचा पंखा कसा काय? पण विषय आम्हाला इथेच, शेलूबाजारच्या चौफुलीवर सापडला. मे महिन्यातली दुपार होती. समृद्धीवरून उतरलेली एक विजेवरची मोटार चहाच्या हॉटेलासमोर येऊन थांबली. मालक उतरले, दार लावलं, आत जाऊन बसले. आणि बंद गाडी घोंगावायला लागली, पिठाच्या गिरणीसारखी. हॉटेलवाले दादा म्हणाले, "गाडी त बंद हाय, मंग पंखा काहून बोंबलून राह्यला?"

मालक ओशाळले. ही गाडी घेताना आवाज नसतो हेच त्यांना सांगितलं होतं. काही बिघाड तर नाही, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आपल्याला जरा मागे जावं लागेल.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना वाहनाची तहान ठाऊक आहे. मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला जाणारी शकुंतला 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. इंजिन पाणी प्यायला थांबायचं आणि त्याचा आवाज म्हणजे गाडी जिवंत असल्याची खूण. पुढे ट्रक आणि एसटी आल्या. त्यांच्या रेडिएटरमागचा पंखा पट्ट्याने इंजिनालाच बांधलेला असे. इंजिन जोरात फिरलं की पंखाही जोरात. गंमत अशी, की घाटात गाडी हळू चढते, इंजिनावर भार सगळ्यात जास्त, आणि नेमका तेव्हाच पंखा मंद. म्हणून घाटाच्या अर्ध्यात बॉनेट उघडून, फडक्याने रेडिएटरचं झाकण धरून पाणी ओतणारे ड्रायव्हर आपण पाहिलेत. पंख्याचा वेगळा आवाज मात्र कुणी ऐकला नाही, कारण इंजिनाच्या गोंगाटात तो बुडालेला होता.

नंतर इंजिन आडवं बसवलेल्या छोट्या मोटारी आल्या. त्यांचा पंखा विजेच्या मोटरवर चालतो. तो इंजिनाचा वेग पाहत नाही, पाण्याचं तापमान पाहतो. किल्ली काढल्यावरही अशा गाडीचा पंखा थोडा वेळ फिरताना तुम्ही ऐकला असेल. म्हणजे बंद गाडीचा पंखा ही विजेच्या मोटारीने आणलेली नवलाई नाही. ती फक्त आता जास्त ऐकू येते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती विदर्भातली नसून अमेरिकेतल्या ॲरिझोनाची आहे. ऊन तिथलंही आपल्यासारखंच. 2010 च्या अखेरीस निसानची लीफ ही मोटार बाजारात आली. तिच्या बॅटरीला ना पाण्याची नळी, ना स्वतःचा पंखा. बंद पेटीतल्या बॅटरीने आपली उष्णता आपणच बाहेर टाकायची. स्वस्त, सुटसुटीत आणि शांत. 2012 च्या उन्हाळ्यात फिनिक्स शहरातले मालक तक्रार करू लागले, की गाडी नवी असूनही डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या रेघा कमी होताहेत. बॅटरी अकाली म्हातारी होत होती. पुढे कंपनीने क्षमतेचीही हमी दिली आणि उष्णता जास्त सोसणारी बॅटरी आणली. इतरांनी बॅटरीभोवती थंड द्रव फिरवायची वाट आधीच धरली होती. आपल्याकडे जानेवारी 2020 मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरीही द्रवाने थंड होते. तेव्हा आमचं मत असं, की चौफुलीवरचा तो आवाज फिनिक्सच्या शांततेपेक्षा बरा.

पण आवाज एवढा मोठा का? इथे उन्हाळ्याचा हिशेब समजून घेऊ. पेट्रोल इंजिनातलं पाणी साधारण 90 अंशांवर असतं. बाहेर 45 अंश असले तरी त्या पाण्याच्या मानाने आपली लू गारच. उष्णता आपोआप बाहेर जाते, पंख्याने नुसता हात लावायचा. बॅटरीचं उलटं आहे. तिला माणसाला मानवतं तेच हवामान मानवतं, साधारण 20 ते 35 अंश. नवतपाच्या दुपारी बाहेरची हवाच तिच्याहून गरम. तिच्यावर कितीही वारा घाला, ती थंड कशी होणार? मग एसीचा कॉम्प्रेसर लागतो. तो बॅटरीची उष्णता ओढतो, वायू दाबून बाहेरच्या हवेपेक्षाही गरम करतो आणि पुढच्या जाळीतून ती उष्णता बाहेर लोटतो. त्या जाळीवरून हवा ओढायचं काम या पंख्याचं. गाडी ताशी 100 किलोमीटरने धावत असते तेव्हा समोरचा वारा ते फुकट करतो, आणि पंखा फिरलाच तरी चाकांच्या आवाजात कळत नाही. गाडी थांबली की सगळं ओझं पंख्यावर.

त्यात जलद चार्जिंग लागलं तर आणखी भर. समजा 50 किलोवॉटने चार्जिंग चालू आहे आणि त्यातले पाच टक्के उष्णतेत गेले, तर ते अडीच किलोवॉट झाले. म्हणजे घरातला गीझर बॅटरीच्या पोटात चालू ठेवल्यासारखं. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवाही दुप्पटच मिळते, पण वीज आठपट लागते आणि आवाज साधारण 15 डेसिबलने वाढतो. कानाला तो जवळपास तिप्पट वाटतो. मोठा पंखा हळू फिरवला तर आवाज कमी होईल, हे कारखान्यांनाही कळतं. पण गाडीच्या नाकात तेवढी जागा नसते.

आता कानाच्या सवयीबद्दल एक. त्या दिवशी हॉटेलात कूलर चालू होता आणि त्याचा आवाज गाडीच्या पंख्याहून कमी नव्हता. त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. विदर्भात कूलरच्या घरघरीत लेकरं झोपतात, आणि वीज जाऊन कूलर थांबला की दचकून उठतात.

डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी समृद्धी खुला झाला आणि जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटर. विजेच्या मोटारींना त्यावर टोलमाफी द्यायचं राज्याच्या 2025 च्या धोरणात ठरलं. म्हणजे तापून आलेल्या गाड्या आपल्या भागात थांबणार, आणि त्यांच्या जाळीतून निघणारी गरम हवा टपरीवाल्याच्या अंगावर येणार. गाडीतला माणूस आत गारव्यात बसलेला असतो, आवाज आणि झळ मात्र बाहेरच्याची. चार्जिंगची जागा आखताना गाडीचं तोंड कुणाच्या ओट्याकडे राहील, याचा विचार झाला पाहिजे. सावलीचं छप्पर टाकलं तरी पंख्याचं काम हलकं होतं.

मालकांसाठी दोन शब्द. पंखा घोंगावतो म्हणून गाडीचं नाक भिंतीला चिकटवून चार्जिंग लावू नका. त्याने पंख्याचे हाल वाढतात. सोयाबीन निघताना उडणारा भुसा आणि कपाशीचं रुईतंतू पुढच्या जाळीत बसतं, ते हलक्या पाण्याने साफ करून घ्या. आणि पहाटेच्या गारव्यात, उभ्या गाडीचा पंखा कारण नसताना घरघरला किंवा खरखरला, तर मात्र दाखवून या.

हॉटेलवाल्या दादांना आम्ही यातलं जमेल तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तिले धाप लागली." आम्हाला याहून नेमका शब्द सुचला नाही. आता प्रश्न घेऊ.