वस्ताद कोणी निवडायचा? पेशवाईच्या दरबारापासून अमरावतीच्या उन्हाळी वर्गापर्यंत

भंडाऱ्यातल्या तरुणाला आज व्यायामासाठी स्वतःचा प्रशिक्षक हवा असेल, तर तो आधी शुल्क विचारतो आणि मग प्रमाणपत्र पाहतो. यांतला दुसरा प्रश्न आपल्याकडे फारसा जुना नाही. तो विदर्भात कसा रुजला, त्याविषयी हा धागा.

प्रशिक्षकाला आपला जुना शब्द ‘वस्ताद’, म्हणजे फारसी ‘उस्ताद’चे मराठी वळण. तालमीत शिष्याने वस्ताद निवडण्यापेक्षा वस्तादाने शिष्य पारखण्याचीच रीत होती. नवख्याने आधी हौद्यातली माती उकरायची, थोरांचे अंग रगडायचे, डाव नंतर. मोबदला दक्षिणेच्या रूपाने. नियमित वेतन आणि तूप-बदामाचा खुराक देणे राजेरजवाड्यांनाच परवडे.

त्यामुळे प्रशिक्षक नेमण्याचा आपला इतिहास प्रथम दरबारांत सापडतो. सर्वांत गाजलेले नाव बाळंभटदादा देवधर, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे मल्लविद्येचे आचार्य. परंपरा सांगते की अली आणि गुलाब या निजामाकडील पहिलवानांनी पुण्यात आव्हान दिले, तेव्हा देवधरांनी वणीच्या सप्तशृंगीपाशी साधना केली आणि परतून अलीला चीत केले. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय त्यांनाच दिले जाते. कथेतला दैवी भाग बाजूला ठेवला, तरी नेमणुकीची कसोटी त्यात स्पष्ट दिसते: मैदानात सिद्ध होईल तोच शिक्षक.

बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी चालवला. मुसलमान वस्तादाचे नाव हिंदू शिष्याने व्यायाममंदिराला अभिमानाने दिले, हे आज मुद्दाम सांगावेसे वाटते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान पूर्ण झाले.

पण भंडाऱ्याजवळ असा दरबार कुठला? नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ सालीच खालसा झाले होते. आश्रयदाता गेला की वस्तादाचा खुराक गेला, आणि लहान गावाच्या वाट्याला जो कोणी येईल तो शिक्षक. शिवाय वस्तादाचा ‘राखीव डाव’ प्रसिद्धच आहे! पट्टशिष्यालाही शेवटचा पेच शिकवायचा नाही, ही सावधगिरी समजण्याजोगी असली, तरी विद्या तिच्यामुळे पिढीगणिक झिजते.

या कोंडीवर उपाय वऱ्हाडात निघाला. वऱ्हाडाचा कारभार १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला गेला होता. म्हणजे भंडारा आणि अमरावती एकाच प्रांतिक सरकारखाली आली होती. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा काढला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. १९२४ पासून मंडळाने उन्हाळी प्रशिक्षणवर्ग सुरू केले, आणि माझ्या मते खरी क्रांती हीच. इथे पहिलवानांबरोबर शिक्षकही घडवायचे होते. सुटीत यायचे, कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम शिकायचे आणि आपल्या गावी जाऊन शिकवायचे. ज्या विद्येचा अभ्यासक्रम ठरतो, तिच्यात राखीव डाव ठेवता येत नाही.

काही हरवलेही. शिष्याची पचनशक्ती, झोप, घरची स्थिती हे सारे वस्तादाला ठाऊक असे आणि त्यावरून तो जोर-बैठकांचा आकडा ठरवी. काही आठवड्यांच्या वर्गात ती नजर येत नाही. तरीही शाळेला शिक्षक नेमताना ऐकीव कीर्तीवाचून दुसरा आधार मिळाला, हा लाभ मोठा होता.

१९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार आणि कबड्डीची प्रात्यक्षिके केली. त्याचा अभिमान रास्तच आहे; मात्र यजमान कोणती राजवट होती, हे विसरून तो बाळगू नये. त्याच दशकात बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ खंडाखंडाने प्रसिद्ध होऊ लागला. ज्या गावात वस्तादच नाही, तिथे निदान ग्रंथ पोहोचू शकत होता.

क्रीडामार्गदर्शक घडवण्यासाठी पतियाळाची राष्ट्रीय संस्था १९६१ साली उभी राहिली. अमरावतीचा पहिला उन्हाळी वर्ग त्याच्या ३७ वर्षे आधी भरला होता.