दऱ्यांचा दर्या

गेल्या श्रावणात एक बाई पत्ता शोधत डोंबिवलीतल्या आमच्या घरी आल्या. त्यांचे वडील कल्याणच्या एका शाळेत शिक्षक होते. सह्याद्रीतल्या भटकंतीवर त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले होते आणि १९९८ साली त्याची अक्षरजुळणी मी केली होती. फडके रोडच्या मागच्या गल्लीत तेव्हा माझे डीटीपीचे दुकान होते. वडील आता नाहीत, पुस्तकाच्या प्रती संपल्या आहेत आणि बाईंना दुसरी आवृत्ती काढायची आहे. "काका, तुमच्याकडे फाइल असेल ना? म्हणजे पुन्हा टाइप करायला नको."

फाइल होती. फ्लॉप्या मी २००३ साली सीडीवर उतरवल्या होत्या आणि सीडीवर पुस्तकाचे नावही लिहून ठेवले होते. भाच्याने माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला, धूळ पुसली, फाइल उघडली. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, त्यांच्यावर फ्रेंच टोप्या, मध्येच पौंडाचे चिन्ह, मध्येच उलटे प्रश्नचिन्ह. दोनशे पाने अशीच.

मग भाच्याने कुठूनसे एक रूपांतर करणारे साधन मिळवले. त्यातून मजकूर बऱ्यापैकी मराठीत आला. बाईंनी पहिले पान वाचायला घेतले आणि थांबल्या. "बाबा समुद्रावर कधी गेलेच नाहीत," त्या म्हणाल्या. पाहिले तर वडिलांच्या साऱ्या 'दऱ्या' यंत्राने 'दर्या' करून टाकल्या होत्या. सह्याद्रीत जागोजागी समुद्र उसळत होता.

त्या दिवसापासून मी या प्रश्नाचा माग काढतो आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचे मराठी माझ्याच संगणकाला का वाचता येऊ नये? ही एका पुस्तकाची गोष्ट नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जी स्मरणिका, जो कवितासंग्रह, जो दिवाळी अंक त्या काळात निघाला, त्यांतल्या बहुतेकांची हीच गत आहे.

खिळ्यांची शिस्त

आमच्या या पट्ट्याला छापील अक्षराची परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ठाण्याहून 'अरुणोदय' हे वृत्तपत्र १८६६ पासून निघू लागले. हे सगळे शिशाच्या खिळ्यांवर छापले जाई. देवनागरीच्या जुळाऱ्यासमोर शेकडो घरांची केस असे. पूर्ण अक्षर वेगळे, अर्धे वेगळे, जोडाक्षर वेगळे, वर लावायची मात्रा वेगळी. बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरी मुद्राक्षरांवर प्रचंड ग्रंथ लिहिला. तो चाळला की या खटाटोपाची कल्पना येते.

यातला एक खिळा आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे. मराठीत अर्धा 'र' दोन प्रकारे लिहितात. 'दर्या', 'सूर्य', 'आचार्य' यांत तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. 'दऱ्या', 'वाऱ्या', 'कुऱ्हाड', 'तऱ्हा' यांत तो पुढच्या अक्षराला डावीकडून आडवा चिकटतो. उच्चारात फरक आहे, अर्थात तर आहेच. हिंदीला या दुसऱ्या 'र'ची गरज पडत नाही. मराठीला त्यावाचून 'दुसऱ्या' हा शब्दसुद्धा लिहिता येत नाही. छापखान्यात त्याच्यासाठी खिळा असे, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकातल्या दऱ्या आजही दऱ्याच आहेत.

आकार की अक्षर?

संगणकाला देवनागरी शिकवण्याचे काम भारतात वेळेवर सुरू झाले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कानपूरच्या आयआयटीत ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात देवनागरी संगणकावर काम झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि त्यातून पुढे आलेले 'जिस्ट' हे तंत्र तिथे वाढले. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाण केली. सर्व भारतीय भाषांना एकच कळफलक असावा म्हणून 'इनस्क्रिप्ट'ची मांडणीही ठरली होती.

'इस्की'चे तत्त्व साधे होते : संगणकात आकार नव्हे, अक्षर साठवायचे. 'कि' लिहिताना आधी 'क', मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर वेलांटी डावीकडे दाखवायची हे यंत्राचे काम. असे साठवले की शब्द शोधता येतात, अकारविल्हे लावता येतात आणि फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो.

मग घोडे अडले कुठे? आम्हा धंदेवाल्यांच्या टेबलावर. पुस्तके पेजमेकरमध्ये लागत, मुखपृष्ठे कोरलड्रॉमध्ये. या आज्ञावलींना आणि तेव्हाच्या विंडोजला एवढेच ठाऊक होते की एका संकेताला एक आकार, आणि आकार डावीकडून उजवीकडे ओळीने मांडायचे. वेलांटी उडी मारून मागे जाते, दोन अक्षरे मिळून तिसरे होते, हे त्यांच्या गावी नव्हते. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी पळवाट काढली. इंग्रजी फॉन्टमध्ये दोनशे छप्पन घरे असतात; त्यांतली रोमन अक्षरे काढून तिथे देवनागरीचे तुकडे बसवायचे. कुठे काना, कुठे अर्धा 'ग', कुठे वेलांटी. संगणकाच्या लेखी आम्ही इंग्रजीच टाइप करत होतो. कागदावर मात्र मराठी उमटे.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम असे संच त्या काळी घरोघरच्या डीटीपीत होते. प्रत्येकाच्या घरांची मांडणी निराळी. एकाच्या फाइलीला दुसऱ्याचा फॉन्ट लावला की मजकुराचा चिवडा. शिवाय नकला होऊ नयेत म्हणून अशा संचांबरोबर एक कुलूप मिळे. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या जागी लावायचे. ते नसेल तर संच चालत नसे.

त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. त्या पळवाटेमुळेच डोंबिवलीतला माझ्यासारखा माणूस दोन संगणक आणि एक लेझर प्रिंटर यांवर पोट भरू शकला. बटर पेपरवर पाने काढायची, प्रुफे तीनदा तपासायची, लोकलने छापखान्यात नेऊन द्यायची. छपाई झकास होई. आम्हाला यंत्राकडून शाई हवी होती, वाचन नको होते. संगणक म्हणजे सुधारलेला टंकलेखक अशीच आमची समजूत होती. नुकसानीचे मूळ मला तिथे दिसते.

'आधी फॉन्ट उतरवून घ्या'

हे नुकसान पहिल्यांदा दिसले ते इंटरनेट आल्यावर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रे संकेतस्थळांवर येऊ लागली, तीही असेच फॉन्ट घेऊन. पानाच्या माथ्यावर सूचना असे : आधी फॉन्ट उतरवून घ्या. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून बसायचे, फॉन्ट उतरवायला घ्यायचा, दूरध्वनीची लाइन तुटायची. उतरलाच तर कॅफेवाला तो बसवू द्यायचा नाही, व्हायरसची भीती. दुसऱ्या वर्तमानपत्रासाठी दुसरा फॉन्ट. पानाबरोबर फॉन्ट आपोआप पाठवायची युक्तीही निघाली होती, पण १९९७ च्या सुमारास नेटस्केपची रीत एक आणि इंटरनेट एक्सप्लोररची दुसरी. एका ब्राउझरसाठी केलेले पान दुसऱ्यात चिवडा दाखवी. परदेशी गेलेल्या मुलांना गावाकडची बातमी कळावी म्हणून हा सगळा आटापिटा, आणि मुले फोनवर विचारीत, "बाबा, हे कोणत्या भाषेत आहे?"

उपाय तयार होता. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्येच आली होती आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी 'इस्की'च्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली होती. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, 'मंगल' हा फॉन्ट घेऊन. हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींचा, सुलेखनकार आणि कवी म्हणून साहित्याच्या वाचकांना ते परिचित आहेत. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला.

तरी रोजची कटकट संपली नाही. विंडोज एक्सपीत देवनागरीची सोय झाकलेली असे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग यंत्र मूळ सीडी मागे. संगणक जुळवून देणाऱ्याने सीडी दिलेली नसे. सीडी न मिळाल्यास एकाच पडद्यावर एका ब्राउझरात मराठी नीट आणि दुसऱ्यात वेलांट्या घसरलेल्या, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. डोंबिवली-दादर प्रवासात मोबाइलवर वाचणाऱ्यांना नुसत्या चौकटी दिसत. ऑपेरा मिनीच्या आडबाजूच्या सेटिंगमध्ये एक पर्याय होता. तो चालू केला की अक्षरे चित्र बनून येत. ही युक्ती गाडीत एकमेकांना शिकवलेली मला आठवते.

आणि मराठीची स्वतःची दोन दुखणी होतीच. पहिले 'ॲ'चे. 'ॲसिड' लिहायला 'अ'वर चंद्र द्यावा, तर यंत्र चंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ काढी. हिंदीच्या सोयीने 'ऍ' होता, तो आपल्या डोळ्यांना खुपे. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतःचे घर मिळाले ते २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' वर्णमालेत घेतले. यंत्रात आधी, बालवाडीच्या तक्त्यावर नंतर.

दुसरे दुखणे आमच्या दऱ्यांचे. युनिकोडच्या तक्त्यात खाली नुक्ता असलेला 'ऱ' आहे. तो मुळात दक्षिणेकडच्या भाषांतला एक ध्वनी देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेला. त्याचा पाय मोडला की मराठीचा आडवा 'र' मिळतो. दुसरी वाट अशी : साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. दोन्हींनी 'दऱ्या' दिसते सारखीच, पण यंत्राच्या लेखी हे शब्द दोन. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडेलच असे नाही. लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसते. तो म्हणतो, संगणकाला मराठी येत नाही.

उरलेले काम

आता माझ्या सीडीकडे. जुन्या फॉन्टात आडव्या 'र'साठी एक वेगळे घर होते. रूपांतराचे साधन लिहिणाऱ्याने त्या घरासमोर नुसता अर्धा 'र' लिहिला, आणि युनिकोडच्या नियमाने त्याचा रफार झाला. एका घराची चूक, पण ती पुस्तकभर पसरली. मूळ संच चालवून खात्री करावी, तर त्याचे कुलूप हवे. ते कुलूप दुकान बंद करताना भंगारवाल्याला दिले, मीच. एवढ्याशा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर दोनशे पानांचे वाचन अवलंबून असेल हे तेव्हा सुचले नाही.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयात गेलो होतो. एकोणिसाव्या शतकातले एक बाड समोर आले. कागद पिवळा, कडा झडलेल्या, पण वाचायला चष्म्याखेरीज काही लागले नाही. १९९० ते २०१० मधले आमचे काम त्याच्यापुढे ठेवून पाहिले. त्याच्या छापील प्रती ज्यांनी जपल्या, त्यांच्यापुरते ते आहे. ज्यांनी 'फाइल आहे की' म्हणून प्रती वाटून टाकल्या, त्यांच्याकडे एक चकचकीत तबकडी आहे आणि तिच्यात चिवडा. अजूनही काही छापखाने जुनेच फॉन्ट वापरून पीडीएफ करतात. ती दिसते सुंदर. तिच्यातला शब्द शोधून पाहावा, म्हणजे कळते.

म्हणून संपादकांना आणि मंडळांच्या चिटणिसांना माझे एवढेच सांगणे आहे. जुन्या सीड्या असतील तर त्या काढा, कोणत्या फॉन्टात काम झाले होते ते तबकडीवर लिहा, जुन्या ऑपरेटरला तो हयात आहे तोवर विचारा. रूपांतर करून घ्या, पण छापील प्रत शेजारी ठेवल्याशिवाय त्यावर विश्वास टाकू नका. चूक कुठे झाली ते यंत्र सांगत नाही. 'दर्या' हाही शब्दच आहे, शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली त्यावर बोट ठेवत नाही.

बाई आता दर रविवारी येतात. त्यांच्याकडे वडिलांची स्वतःची प्रत आहे, समासात पेन्सिलीच्या खुणा केलेली. त्या मोठ्याने वाचतात, मी पडद्यावर दुरुस्त करतो. सगळे 'दर्या' एका फटक्यात बदलता येतील असे भाच्याने सुचवले होते. आम्ही तसे केले नाही, आणि बरेच झाले. एकशे अठ्ठेचाळिसाव्या पानावर वडील एका घाटमाथ्यावर उभे आहेत. संध्याकाळची वेळ, हवा स्वच्छ, पश्चिमेला कोकणापलीकडे एक चकाकणारी रेघ. तिथे त्यांनी खरोखरच 'दर्या' लिहिले आहे.